पाठ केलेली चाल

बुद्धिबळाचा पट मांडला की पांढऱ्याला पहिल्या चालीसाठी वीस वाटा मोकळ्या असतात. प्याद्यांच्या सोळा आणि घोड्यांच्या चार. काळ्यालाही तितक्याच. म्हणजे दोघांची एकेक चाल झाली की चारशे प्रकार झाले, आणि दोन-दोन चाली होईपर्यंत हा आकडा १,९७,२८१ वर जाऊन पोचतो. त्यापुढचे आकडे लिहीत बसलो तर संपादकांना दुसऱ्या लेखांना जागा उरणार नाही. एवढे अफाट रान समोर पसरलेले असताना माणूस मात्र त्यातल्या मोजक्या पायवाटांनीच जातो. कुणीतरी त्या आधी तुडवलेल्या असतात. त्यांना नावेही पडलेली आहेत : इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, सिसिलियन. ज्याला डावाची सुरुवात म्हणतात, मुले ज्याला 'ओपनिंग' म्हणतात, ती म्हणजे या पायवाटाच. मग दुसऱ्याने पाडलेल्या वाटेने दहा-पंधरा पावले डोळे मिटून जाणाऱ्या माणसाला, 'मी चाललो' असे म्हणण्याचा अधिकार कितपत पोचतो?

प्रश्न जुना आहे. परंतु संगणकाने त्याला अशी काही धार आणली आहे की तो आता पंडितांचा राहिलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीत चिवड्याची वाटी शेजारी ठेवून फोनमध्ये डोके घातलेल्या आपल्या घरातल्या पोराचा झाला आहे. आजोबांना वाटते तो खेळतो आहे. तो खेळत नसतो, पाठ करत असतो.

बुद्धिबळाचे सॉफ्टवेअर दोन निरनिराळी कामे करते. एक काम सांगण्याचे. या स्थितीत उत्तम चाल कोणती ते इंजिन सांगते. स्टॉकफिश नावाचे इंजिन फुकट मिळते, खिशातल्या फोनवर चालते, आणि जगज्जेत्यालाही सहज धूळ चारील इतके बलाढ्य आहे. दुसरे काम घोकून घेण्याचे. पडद्यावर पट येतो, समोरून एक चाल होते, आपण उत्तर द्यायचे. उत्तर चुकले तर घर तांबडे होते आणि थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा पुढे येतो. बरोबर आले तर तो उद्या येतो, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. गोष्ट विसरण्याच्या बेतात असतानाच तिची आठवण करून द्यायची, हे त्यातले मर्म. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःलाच निरर्थक अक्षरे पाठ करायला लावून विसरण्याचा वेग मोजला होता आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला होता. आजची ही युक्ती म्हणजे त्या प्रयोगाची पणती म्हणायची. दिव्याची नव्हे, नात्यातली. आमच्या लहानपणी हे काम छडी करत असे आणि तिला अंतराचे असे काही शास्त्र नव्हते.

मी एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवतो. शनिवारची सकाळची शाळा सुटली की बाके जोडून आम्ही सात-आठ पट मांडतो. मी काही बुद्धिबळपटू नव्हे. मोहरे जागेवर आहेत ना आणि भांडणे तर होत नाहीत ना, एवढे पाहणारा माणूस. परंतु गेल्या वर्षी तिथे एक भांडण झाले आणि ते मला सोडवता आले नाही. तेच इथे मांडतो.

आठवीतली एक मुलगी आणि सातवीतला एक मुलगा खेळत होते. मुलीकडे पांढरे मोहरे. तिने जी चाल लावली होती तिला मुले 'फ्राइड लिव्हर' म्हणतात. सणासुदीच्या अंकात हे नाव लिहिताना संकोच वाटतो, पण ते इटालियन लोकांनी ठेवलेले आहे, त्याला माझा इलाज नाही. पोलेरिओ नावाच्या इटालियन खेळाडूच्या काळापासून, म्हणजे सुमारे चारशे वर्षे, हा हल्ला लोकांना ठाऊक आहे. त्यात चौथ्या चालीला पांढरा घोडा शत्रूच्या हद्दीवर जाऊन उभा राहतो. मध्ये प्याद्यांची मारामारी होते. आणि सहाव्या चालीला तोच घोडा राजाशेजारचे प्यादे मारून वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम डोळा ठेवतो. राजाला त्याला मारणे भाग पडते. मग पांढरा वजीर शह देतो, आणि काळा राजा पटाच्या मध्यावर ओढला जातो. भर बाजारात अनवाणी सापडलेल्या सावकारासारखी त्याची अवस्था होते.

मुलीने पहिल्या आठ चाली मिनिटभरात केल्या. पटाकडे ती फारशी पाहतही नव्हती. मुलगा प्रत्येक चालीला ओठ चावत विचार करत होता. बाविसाव्या चालीला त्याच्यावर मात झाली. त्याने हात मिळवला, मोहरे डब्यात भरले, आणि मग माझ्यापाशी येऊन म्हणाला,

"सर, ती माझ्याशी खेळलीच नाही. मी एकटाच खेळत होतो."

मुलगी मागेच उभी होती. ती म्हणाली, "सर, मी दहा दिवस रोज पाठ केलंय. त्यानं नाही केलं, त्यात माझा काय दोष?"

मी तिला विचारले, "अगं, वजिराने शह दिल्यावर याचा राजा पुढे का आला? मागे का गेला नाही?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "ॲपमध्ये तो पुढेच येतो."

"मागे गेलो असतो तर माझा मधला घोडा मेला असता," मुलगा म्हणाला. "त्याला राखायला राजाच पुढे यायला हवा होता."

उत्तर बरोबर होते. पटावर नेमके तेच घडते. म्हणजे स्थिती अशी झाली की जो हरला त्याला आपल्या प्रत्येक चालीचे कारण ठाऊक होते, आणि जी जिंकली तिला आपल्या चालींचे कारण ठाऊक नव्हते. नियमाने पाहिले तर वाद नव्हता. ती जिंकली, तिच्या नावापुढे गुण लिहिला, आणि तो मी आजही पुसणार नाही. पण नियम सांभाळून झाल्यावर जे उरते त्याला काय म्हणायचे?

मुलीची बाजू आधी घेतो, कारण तिची बाजू घेणारे लोक कमी असतात आणि 'यंत्राच्या जिवावर' असे म्हणून नाक मुरडणारे फार. घरी बसून डाव तयार करून आणणे हे काही संगणकाने शिकवलेले पाप नव्हे. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने १५६१ साली बुद्धिबळावर पुस्तक छापले तेव्हापासून लोक दुसऱ्याच्या चाली पाठ करत आले आहेत. १९१८ साली न्यू यॉर्कमध्ये फ्रँक मार्शल हा अमेरिकन खेळाडू कापाब्लांकाविरुद्ध एक नवा हल्ला घेऊन बसला. तो त्याने या एका माणसासाठी कित्येक वर्षे जपून ठेवला होता अशी आख्यायिका आहे. ती कितपत खरी यावर जाणकारांत एकमत नाही. हल्ला मात्र घरी शिजवलेला होता, आणि कापाब्लांकाच्या ते तत्काळ ध्यानात आले. समोरच्याने प्रत्येक फांदी तपासलेली आहे, आपण मात्र प्रथमच पाहतो आहोत, हे कळूनही त्याने पुढे केलेले प्यादे मारले. पुढे त्याने लिहून ठेवले की ते आव्हान स्वीकारणे हा मला मानाचा प्रश्न वाटला. आणि पटावर बसल्या बसल्या बचाव शोधून त्याने तो डाव जिंकला. मार्शलने लबाडी केली असे तेव्हा कोणी म्हटले नाही, कापाब्लांकाने तर नाहीच.

संगणक आल्यावर झाले ते एवढेच की तयारीची गती बदलली. १९८५ साली कास्पारोव्ह हॅम्बुर्गच्या आठ खेळाडूंशी एकाच वेळी खेळला आणि साडेतीन विरुद्ध साडेचार असा हरला. १९८७ मध्ये तो पुन्हा त्या शहरात गेला. मधल्या काळात चेसबेस नावाचे सॉफ्टवेअर निघाले होते. प्रतिस्पर्ध्यांचे जुने डाव त्यात चाळून तो पटावर बसला आणि सात विरुद्ध एक असा जिंकला. बुद्धी तीच, माणूस तोच.

आणि आणखी एक गोष्ट. पूर्वी या पायवाटा दाखवणारे गुरू आणि पुस्तके मोठ्या शहरांत असत, आणि ती मोजक्यांच्या वाट्याला येत. आपल्याकडे सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. तिथल्या मुलाला जे ऐकून ऐकून मिळे ते शंभर मैलांवरच्या मुलाला स्वप्नातही मिळत नसे. मीर सुलतान खान हा पंजाबातला माणूस १९२९ साली आपल्या धन्याबरोबर लंडनला गेला. तो देशी पद्धतीने खेळून तयार झालेला. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जातच नसे. म्हणजे युरोपातली ओपनिंगची सारी विद्या त्याला परकी. तरी त्याने ब्रिटिश अजिंक्यपद १९२९, १९३२ आणि १९३३ असे तीनदा जिंकले आणि हेस्टिंग्जला कापाब्लांकालाही हरवले. पण सुरुवातीच्या दहा चालींत तो कायम तोट्यात पडे आणि पुढचे तीन तास ते भोक बुजवण्यात घालवी. त्याची थोरवी गाताना आपण विसरतो की ते कष्ट त्याच्यावर लादलेले होते. आज तो असता तर खेड्यात बसून फोनवर तीच विद्या त्याने चार महिन्यांत आत्मसात केली असती. आमच्या शाळेतल्या त्या मुलीचे वडील रिक्षा चालवतात. तिला गुरू परवडला नसता, ॲप परवडले. तिने दहा दिवस रोज पाठ केले, यातला 'रोज' हा शब्द मला फुकटचा वाटत नाही.

मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस आहे. जे काही येते त्यातले बरेचसे पाठांतराने आलेले आहे, आणि पाठांतराची टिंगल मला सोसत नाही. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळे मुखोद्गत होते. बाजारात वाण्याने हिशेब करायच्या आत त्यांच्या तोंडी रक्कम तयार असे. ते पाढे त्यांनी रचलेले नव्हते, म्हणून ती आकडेमोड त्यांची नव्हती असे कोणी म्हणेल काय? हां, एक फरक मात्र होता. पाऊणकीतला एखादा आकडा अडला तर आजोबा तो बोटांवर मोजून काढू शकत. पाढ्याच्या खाली जमीन होती.

चेस आणि सायमन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली स्थिती पटावर मांडून ती पाच सेकंद दाखवायची आणि मग पट झाकून ती पुन्हा मांडायला सांगायची. मोठा खेळाडू बहुतेक मोहरे अचूक मांडी, नवशिक्या चार-पाचांवर अडे. मग त्यांनी तेच मोहरे पटावर कसेही विस्कटून ठेवले. आता मोठा खेळाडूही जवळजवळ नवशिक्याइतकाच अडखळू लागला. म्हणजे त्याच्या डोक्यात मोहरे नव्हतेच. मोहऱ्यांची आपापसांतली नाती होती. नाते तुटले की स्मरणही गेले. माझ्या विद्यार्थिनीने नेमके उलटे केले होते. तिने मोहरे लक्षात ठेवले होते, नाती नव्हेत. आणि मौज अशी की त्या सॉफ्टवेअरने तिला तसेच करायला शिकवले होते, कारण तांबडे की हिरवे एवढेच त्याला विचारता येते.

इंजिनाचेही असेच. त्याला विचारा, ही चाल का चांगली? ते म्हणेल, शून्य पूर्णांक चार. पुन्हा विचारा, पण का? ते आणखी खोल जाऊन म्हणेल, शून्य पूर्णांक पाच. यात त्याचा दोष नाही. तराजूला आपण गहू का पिकला असे विचारत नाही. पण वर्षानुवर्षे तराजूशीच बोलणाऱ्या मुलाला वजन म्हणजेच कारण असे वाटू लागते, आणि ती गोष्ट मला भिववते. वर्गातही मी हे पाहतो. मुले निबंध पाठ करून येतात. 'माझा आवडता ऋतू' पावसाळा असतो, कारण गाइडात तो पावसाळा आहे. 'तुला खरंच पावसाळा आवडतो का रे?' असे विचारले की मुलगा माझ्याकडे असा पाहतो की जणू मी अभ्यासक्रमाबाहेरचे काही विचारले.

इथे कोणी म्हणेल, माणसाने यंत्राची चाल चोरली. मला तर या गोष्टीतली सर्वांत गमतीची कथा उलटी आहे. ११ मे १९९७ रोजी न्यू यॉर्कमध्ये डीप ब्लू या यंत्राने कास्पारोव्हला सहाव्या डावात अवघ्या एकोणीस चालींत शरण आणले आणि ती लढत जिंकली. त्या डावात आठव्या चालीला यंत्राने घोड्याचा बळी दिला. यंत्राला बलिदान कसे सुचले, असा पुष्कळांना अचंबा वाटला. परंतु ते त्याला सुचले नव्हते. ती चाल त्याच्या ओपनिंगच्या पुस्तकात माणसांनीच भरून ठेवलेली होती. यंत्राने ती आठवली, एवढेच. म्हणजे ज्या डावामुळे माणसाची बुद्धी हरली असे जग म्हणते, त्याचा कणा असलेली चाल पाठांतराची होती, आणि माणसाकडून उसनी घेतलेली होती. आमच्या शाळेतल्या मुलीच्या घोड्यात आणि त्या घोड्यात मला तरी नैतिक फरक दिसत नाही.

२००६ मध्ये बॉनला क्रामनिक डीप फ्रिट्झविरुद्ध खेळला तेव्हा एक विलक्षण नियम केला गेला. यंत्र जोवर आपल्या साठवलेल्या चालींतून खेळते आहे, तोवर त्या साठ्याचा पडदा क्रामनिकला दिसावा. तुला स्मरण आहे, मला नाही, तेव्हा स्मरणापुरते आपण सारखे होऊ. खरी लढाई त्यानंतर. क्रामनिक चार-दोन असा हरला, ती गोष्ट निराळी. पण नियम करणाऱ्यांनी पाठ केलेले आणि सुचलेले यांच्यामध्ये एक रेघ आहे हे कबूल केले, आणि ती ओढून दाखवली. माणसांच्या डावात ती रेघ पडद्यावर दिसत नाही, म्हणून ती नसते असे नाही.

बॉबी फिशरने तर सगळे पुस्तकच जाळून टाकायचे ठरवले. १९९६ साली ब्वेनोस आयरेसला त्याने नवी पद्धत जाहीर केली : मागच्या ओळीतले मोहरे डावाआधी चिठ्ठ्या टाकल्यासारखे उलटसुलट मांडायचे. अशा ९६० मांडण्या होतात. पाठ करायचे तरी काय आणि किती? ही पद्धत आता जोरात आहे आणि मोठमोठे खेळाडू तिच्या स्पर्धा खेळतात. मला तिचे कौतुक आहे, पण माझे मन तिच्याकडे जात नाही. मी कादंबऱ्या लिहितो. भाषेतले सगळे वाक्प्रचार एका रात्रीत बदलून टाकले तर उसनी वाक्ये लिहिणाऱ्यांची पंचाईत होईल खरी, पण माझीही होईल. 'डोळ्यांत पाणी आले' हे वाक्य मी घडवलेले नाही. ते लाखो लोकांनी वापरून गुळगुळीत केलेले आहे. तरीही एखाद्या पानावर, एखाद्या म्हातारीच्या बाबतीत, ते लिहिताना मी थांबतो. इथे खरेच पाणी येईल का, हे तपासतो, आणि मग लिहितो. त्या थांबण्यापुरते ते वाक्य माझे. कुणी विचारले, इथे का रडवलेस, तर मला उत्तर देता आले पाहिजे. चाल कुणी शोधली यावर तिची मालकी ठरत नसावी. तिच्याबद्दल जाब कोण देऊ शकतो यावर ठरत असावी.

२०१३ च्या जानेवारीत वाइक आन झी येथे विश्वनाथन आनंदने काळ्या मोहऱ्यांनी अरोनियनला तेवीस चालींत हरवले. डाव पाहणाऱ्यांना १९०७ सालच्या रुबिनस्टाइनच्या एका प्रसिद्ध डावाची आठवण झाली. तेच दोन उंट दुरून राजावर रोखलेले. यातले बरेचसे २०१२ च्या गेल्फांडविरुद्धच्या लढतीसाठी घरी तयार केलेले होते, हे आनंदने स्वतःच सांगितले. तयारीत संगणक होता हे उघड आहे. तरी तो डाव आनंदचा नाही असे म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही, कारण कुठल्याही चालीशी त्याला थांबवून 'का?' विचारले असते तर त्याने सांगितले असते.

म्हणून पाठ करावे की करू नये, या वादात मला आता फारसा रस उरलेला नाही. मला क्रमाची चिंता वाटते. आधी अंधारात चाचपडायचे आणि मग दिवा मागायचा, की जन्मल्यापासून दिव्यातच वाढायचे? डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. बाराव्या वर्षी ग्रँडमास्टर होईपर्यंत त्याला इंजिनापासून जवळजवळ दूरच ठेवले होते, असे त्याचे प्रशिक्षक विष्णु प्रसन्न यांनी सांगितले आहे. हा मुलगा संगणकाच्या युगात जन्मला, आणि त्याच्या शिक्षकाने त्याला काही वर्षे मुद्दाम न कळू दिले. न कळण्याची ती वर्षे मला एखाद्या वडिलोपार्जित जमिनीसारखी वाटतात. आपल्या मुलांच्या हाती फोन देताना आपण ती जमीन न सांगता विकून टाकतो, आणि मुलाला कधी कळतही नाही की ती आपली होती.

गंमत म्हणजे खुद्द यंत्रांनाही हा धडा मिळाला. २०१७ च्या डिसेंबरात अल्फाझीरोची बातमी आली. त्याला पुस्तक दिले नव्हते, माणसांचे डाव दिले नव्हते. दिले होते फक्त नियम. ते स्वतःशीच चार कोटी चाळीस लाख डाव खेळले, आणि पुढे स्टॉकफिशविरुद्धच्या शंभर डावांत अठ्ठावीस जिंकले, बाकी बहात्तर बरोबरीत सोडवले. आणि या चाचपडण्यात त्याला काय सापडले? माणसांनी शतकानुशतके तुडवलेल्या त्याच पायवाटा. इंग्लिश, फ्रेंच, कारो-कान, सगळ्या त्याने आपापल्या वाटेवर पुन्हा शोधल्या; काही पुढे ठेवल्या, काही टाकून दिल्या. त्या पायवाटा त्याच्या नव्हत्या असे म्हणाल?

त्या दिवशी मुलाला मी एवढेच म्हणालो की तू हरलास, आणि तिनेच तुला हरवले. त्याला ते पटले नाही, आणि त्याने ते पटवून घ्यावे असा आग्रहही मी धरला नाही. त्याने दुसरे काहीतरी केले. मामाच्या फोनवर त्याने तो डाव घातला, आणि आपण प्याद्याला घोड्याने मारले तिथेच घोटाळा झाला हे त्याला दिसले. पुस्तकांचेही म्हणणे तेच आहे. तिथे मारामारी न करता दुसरा घोडा पटाच्या कडेला नेऊन पांढऱ्या उंटावर सोडायचा. कडेचा घोडा वाईट, असे मीच मुलांना शिकवतो. इथे तो चांगला ठरतो.

तीन आठवड्यांनी दोघे पुन्हा समोरासमोर आले. चार चाली तशाच झाल्या. पाचव्या चालीला मुलाने घोडा कडेला नेला. मुलीचे ॲप त्या फांदीवर कधी गेलेच नव्हते. तिचा हात मोहऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. मग तिने तो मांडीवर ठेवला आणि पटाकडे पाहू लागली. पहिल्यांदाच. आम्ही घड्याळे लावत नाही, पण बाजूचा एक डाव संपून दुसरा सुरू झाला इतका वेळ ती बसून होती. मग तिने उंट हलवला नाही, शहही दिला नाही. वजिरापुढचे प्यादे एक घर पुढे सरकवून उंटाला टेकू दिला. मारायचा तर मार.

ती तो डाव हरली. घरी येऊन मी पुस्तक उघडले तेव्हा कळले की नेमकी हीच चाल दीडशे वर्षांपूर्वी पॉल मॉर्फी खेळत असे. इंजिनाला ती पसंत नाही. तिथे उंटाने शह द्यावा असे त्याचे मत, आणि या चालीला ते काळ्याच्या बाजूचा आकडा दाखवते. सोमवारी मी तिला मॉर्फीचे सांगितले आणि फोनवर तो आकडाही दाखवला. तिने दोन्ही ऐकून घेतले. हा कोण, कुठला, असे काहीही तिने विचारले नाही. उंट मेल्यावर आपल्याला मध्ये प्याद्यांची जोडी मिळते, तिचे काय करायचे ते तेवढे तिला विचारायचे होते. मला ते सांगता आले नाही. पुढच्या शनिवारी तिने पुन्हा तीच चाल केली.